डबल मॅग्नेट की शॉर्टिंग रिंग? सबवूफरच्या मोटरमध्ये लिनिअरिटी कुठून येते

खारघरहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. हॉल १६ × ११ फुटांचा. १२ इंची सबवूफर, ४० लिटरची सीलबंद पेटी, क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे स्वर सबवूफरला जातात ती सीमा) ८० हर्ट्झ. आवाज एका मर्यादेपर्यंत छान वाटतो, त्यापुढे बास जाड आणि भोंगळ होतो. ड्रायव्हर बदलायचा आहे आणि दोन पर्याय समोर आहेत. पहिल्यात एकावर एक दोन मॅग्नेट, चार थरांची ३४ मिमी उंच कॉइल (हलणाऱ्या कोनला, म्हणजे शंकूला, जोडलेली तारेची गुंडाळी), १० मिमी उंच गॅप (कॉइल हलते ती चुंबकीय फट), बीएल १७ (मोटरच्या जोराचा आकडा), इंडक्टन्स ३.८ मिलिहेन्री (बदलत्या करंटला कॉइलचा विरोध) आणि एक्समॅक्स १२ मिमी (कॉइलची एका दिशेची हालचालीची मर्यादा). दुसऱ्यात एकच मॅग्नेट, दोन थरांची ३० मिमी कॉइल, १२ मिमी गॅप, पोलच्या (मधल्या लोखंडी खांबाच्या) बुडाशी जाड अ‍ॅल्युमिनियमची शॉर्टिंग रिंग, वर काढलेला पोल, बीएल १३, इंडक्टन्स १.४ मिलिहेन्री आणि एक्समॅक्स ९ मिमी. जास्त लिनिअर, म्हणजे आवाज वाढवला तरी प्रमाणात वागणारा, कोणता?

या कामासाठी दुसरा. कारण सांगायचे तर मोटरच्या आत शिरावे लागेल, कारण मॅग्नेटचे वजन, बीएलचा आकडा आणि जाहिरातीतला एक्समॅक्स या तिन्हींपैकी एकही गोष्ट लिनिअरिटी सांगत नाही.

ड्रायव्हर घेण्याआधी खोलीचा संशय फेडून घ्या. १६ फूट म्हणजे ४.८८ मीटर; आपल्याकडच्या हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४७ मीटर धरला तर लांबीच्या दिशेचा पहिला मोड (जो स्वर खोलीत घुमतो तो) ३५–३६ हर्ट्झला येतो आणि ११ फुटांच्या दिशेचा ५२ हर्ट्झच्या आसपास. ठाणे-नवी मुंबईतल्या नव्या टॉवरांमध्ये माइवान पद्धतीच्या अखंड काँक्रीटच्या भिंती असतात. त्या बास गिळत नाहीत, त्यामुळे हे मोड टोकदार होतात. पण खोली लिनिअर असते. आवाज १० डेसिबल वाढवला तर मोडही नेमका १० डेसिबल वाढतो. म्हणून आरईडब्ल्यू या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एकाच जागेवरून दोन स्वीप (खालून वर चढत जाणारा चाचणीचा स्वर) घ्या, दुसरा १० डेसिबल मोठा, आणि एक रेषा १० डेसिबल सरकवून दुसरीवर ठेवा. दोन्ही जुळल्या आणि डिस्टॉर्शनची (मूळ आवाजात नसलेल्या भेसळीची) पातळीही खाली राहिली, तर दोष खोलीचा आहे. नवा ड्रायव्हर काही करणार नाही. मोठ्या स्वीपची रेषा खालच्या टोकाला दबली किंवा डिस्टॉर्शन वर चढले, तर दोष ड्रायव्हरचा. तुमचे लक्षण ‘एका मर्यादेनंतर’ सुरू होते, म्हणजे बहुधा दुसरीच गोष्ट आहे.

आता मोटर. कॉइलवर येणारे बल म्हणजे बीएल गुणिले करंट. हा बीएल स्थिर असता तर विषयच संपला असता. पण कॉइल पुढे-मागे जाताना गॅपमधल्या चुंबकीय क्षेत्रात तिचे किती वेढे आहेत हे बदलत राहते. स्पेसिफिकेशनमध्ये छापलेला १७ किंवा १३ हा फक्त मधल्या, शून्य स्थानाचा आकडा. हवा असतो तो पूर्ण वक्र: कॉइल ५ मिमी बाहेर असताना किती, १० मिमी आत असताना किती.

त्या वक्राचे परिणाम दोन प्रकारे ऐकू येतात. पहिला, तिसरा हार्मोनिक, म्हणजे मूळ स्वराच्या तिप्पट फ्रिक्वेन्सीचा भेसळ स्वर. कॉइल दोन्ही टोकांना गेल्यावर बीएल सारखाच घसरत असेल, तर ३० हर्ट्झच्या स्वरातून ९० हर्ट्झ तयार होतो. इथे आपले कान गोष्ट आणखी अवघड करतात. ३१.५ हर्ट्झ जेमतेम ऐकू यायला सुमारे ६० डेसिबल लागतात, १०० हर्ट्झला सुमारे २७. म्हणजे मूळ स्वरापेक्षा बराच बारीक असलेला ९० हर्ट्झसुद्धा कानाला ठळक लागतो. ज्याला लोक ‘जाड बास’ म्हणतात तो पुष्कळदा हाच तिसरा हार्मोनिक असतो, आणि म्हणूनच खराब मोटरचा सबवूफर दुकानात पाच मिनिटे ऐकताना जास्त ‘दमदार’ वाटू शकतो. दुसरा परिणाम इंटरमॉड्युलेशनचा. ३० हर्ट्झ कॉइलला टोकापर्यंत नेत असताना त्याच वेळी ७० हर्ट्झचा बास गिटारही वाजत असतो. त्याचे बल बीएलबरोबर कमी-जास्त होते आणि तो स्वर थरथरतो, गढूळ होतो. शिवाय विद्युत डँपिंग, म्हणजे मोटरने कोनला लावलेला ब्रेक, बीएलच्या वर्गावर चालते. बीएल ७० टक्क्यांवर आला की डँपिंग ४९ टक्क्यांवर येते, म्हणजे क्यूईएस (या ब्रेकच्या उलट चालणारा आकडा) जवळपास दुप्पट. कोन थांबवण्याची गरज सर्वांत जास्त असते तिथेच मोटरची पकड सुटते.

जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे लाउडस्पीकर-तज्ज्ञ वोल्फगांग क्लिपेल यांनी ही मोजणी रुळवली, आणि त्यातून आलेल्या मर्यादा आता उद्योगात सर्रास वापरल्या जातात: साधारण १० टक्के डिस्टॉर्शनसाठी बीएल ८२ टक्क्यांच्या खाली जाऊ नये आणि सस्पेन्शनची (कोन धरून ठेवणाऱ्या लवचीक भागांची) लवचीकता ७५ टक्क्यांच्या खाली. सबवूफरला २० टक्क्यांपर्यंत सूट देतात. तिथे बीएल ७० आणि लवचीकता ५० टक्के. एखाद्या उत्पादकाने एक्समॅक्सशेजारी ‘७० टक्के बीएल’ असे लिहिले असेल तर त्या आकड्याला अर्थ आहे. नुसता एक्समॅक्स लिहिला असेल तर तो बहुधा भूमितीचा असतो: कॉइलची उंची वजा गॅपची उंची, भागिले दोन. तुमच्या पहिल्या ड्रायव्हरचे ३४ वजा १०, भागिले दोन, बरोबर १२. दुसऱ्याचे ३० वजा १२, भागिले दोन, ९. दोन्ही आकडे भूमितीचेच आहेत, त्यामुळे निदान एकाच मापाने मोजलेले आहेत. काही कंपन्या या उत्तरात गॅपच्या उंचीचा तिसरा किंवा चौथा हिस्सा मिळवून आकडा फुगवतात. म्हणून कॉइल आणि गॅपची उंची मिळवून भागाकार स्वतः करावा.

वक्राचा आकार ठरवते ती कॉइल आणि गॅप यांची जोडणी. कॉइल गॅपपेक्षा उंच असते ती ओव्हरहंग. बाजारातले बहुतेक सबवूफर याच जातीचे. पहिल्या ड्रायव्हरमध्ये ३४ पैकी १० मिमी, म्हणजे तीस टक्क्यांहून कमी कॉइल काम करते. बाकीची तार वजन, इंडक्टन्स आणि उष्णता वाढवते. गॅपच्या वर-खालीही थोडे क्षेत्र सांडलेले असते, म्हणून वक्र सपाट न राहता डोंगरासारखा उतरतो. भूमितीच्या एक्समॅक्सला बीएल साधारण ७५ ते ८५ टक्क्यांवर आलेला असतो. उतार सावकाश असल्याने मर्यादा ओलांडली तरी आवाज एकदम फाटत नाही, हा तिचा खरा गुण. अंडरहंगमध्ये उलटे: गॅप उंच, कॉइल छोटी. सगळी तार कायम क्षेत्रात, इंडक्टन्स कमी, वक्र सपाट, आणि कडेला पोहोचली की एकदम कोसळतो. पण ३४ मिमी उंच गॅपमध्ये १ टेस्ला भरायला १० मिमीच्या गॅपपेक्षा ३.४ पट फ्लक्स (एकूण चुंबकीय प्रवाह) लागतो. लोखंड आणि मॅग्नेटचा खर्च त्याच प्रमाणात चढतो. म्हणून मोठ्या स्ट्रोकचे अंडरहंग सबवूफर दुर्मिळ. मधला मार्ग म्हणजे गॅपच्या मधोमध खाच पाडून दोन गॅप करणे. स्पीकर-डिझायनर डॅन विगिन्स यांची एक्सबीएल स्क्वेअर रचना या प्रकारची. कॉइल एका गॅपमधून जितकी बाहेर पडते तितकी दुसऱ्यात शिरते, आणि छोट्या कॉइलमध्ये सपाट वक्र मिळतो. कॉइलचे वेढेच मध्ये विरळ आणि टोकांना दाट गुंडाळूनही असाच परिणाम साधता येतो, पण ते गुंडाळणे कठीण काम आहे.

वक्राची उंची आणि रुंदी झाली. सममिती त्याहून महत्त्वाची आहे, आणि स्वस्त ड्रायव्हर बहुतेक तिथेच मार खातात. साध्या मोटरमध्ये पोलचा माथा वरच्या प्लेटच्या पातळीत संपतो. बाहेरच्या बाजूला लोखंड नाही, आत मात्र पोल पुढे चालूच आहे, त्यामुळे सांडलेले क्षेत्र आत जास्त आणि वक्राचा माथा आतल्या बाजूला सरकलेला. पोल वरच्या प्लेटच्या वर काढला किंवा प्लेटच्या खाली तो आतून खरवडून बारीक केला की दोन्हीकडचे क्षेत्र जवळपास सारखे होते. तुमच्या दुसऱ्या पर्यायातला ‘वर काढलेला पोल’ नेमके हेच करतो. असममितीतून दुसरा हार्मोनिक तर येतोच, शिवाय कॉइलला एका बाजूला ढकलणारा स्थिर धक्का तयार होतो. रेझोनन्सच्या (ड्रायव्हर स्वतःहून झुलतो त्या फ्रिक्वेन्सीच्या) वरच्या फ्रिक्वेन्सीला हा धक्का कॉइलला बीएलच्या माथ्यापासून दूर लोटतो. ती सरकते, तिथे बीएल आणखी कमी मिळतो, म्हणून आणखी सरकते. मोठ्या आवाजात कोन एकाच दिशेला सरकलेला दिसला तर कारण बहुधा हेच.

डबल मॅग्नेटबद्दल गैरसमज फार आहेत. मॅग्नेटवर मॅग्नेट ठेवल्याने गॅपमधले क्षेत्र दुप्पट होत नाही. गळती वाढते, आणि पोल किंवा प्लेटचे लोखंड आधीच संतृप्त झालेले असेल तर वाढ नगण्य. कमी कार्बनचे साधे पोलाद २ टेस्लाच्या आसपास भरून जाते. डबल मॅग्नेटचा खात्रीचा फायदा म्हणजे मोटरच्या आतली खोली (डेप्थ): कॉइलला आत जायला जागा मिळते आणि ती मागच्या प्लेटवर ठक्कन आपटत नाही. त्याचा लिनिअरिटीशी थेट संबंध नाही.

आता दोन्ही पर्यायांमधला खरा फरक: रिंग आणि इंडक्टन्स. कॉइल स्वतःही एक विद्युतचुंबक आहे. २०० वेढे आणि १० अँपिअर म्हणजे २,००० अँपिअर-वेढे. ३ मिमी रुंद गॅपमध्ये १ टेस्ला टिकवायला लागतात सुमारे २,४००. फेराइट मॅग्नेट या बदलत्या फ्लक्सच्या वाटेत मोठा अडथळा असतो, म्हणून कॉइलचा सगळा जोर गॅपपर्यंत पोहोचत नाही. पण जो पोहोचतो तो कायम क्षेत्राला करंटच्या तालावर हलवतो. याला फ्लक्स मॉड्युलेशन म्हणतात. यात बीएल करंटवरही अवलंबून राहू लागतो आणि दुसरा हार्मोनिक वाढतो. त्यात इंडक्टन्स स्थानानुसार बदलतो ही भर. कॉइल आत गेली की तिच्या पोटात जास्त लोखंड येते आणि इंडक्टन्स वाढतो. बाहेर आली की घटतो. या फरकातून करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढणारे एक वेगळे, आत ओढणारे बल तयार होते. थर वाढवले की हे सगळे झपाट्याने वाढते, कारण इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गावर जातो.

रिंग म्हणजे एका वेढ्याची शॉर्ट केलेली दुय्यम कॉइल. बदलत्या फ्लक्समुळे तिच्यात उलटा करंट वाहतो आणि तो त्या बदलाला विरोध करतो. ती कुठे आहे आणि किती जाड आहे यावर सगळे अवलंबून. तांब्यात ५० हर्ट्झला स्किन डेप्थ (बदलता करंट धातूत किती खोल शिरतो ते माप) सुमारे ९.३ मिमी, १ किलोहर्ट्झला २.१ मिमी. म्हणजे पोलवर चढवलेली अर्ध्या मिलिमीटरची तांब्याची टोपी मिडबासला उपयोगी पडेल, ३० हर्ट्झला जवळजवळ नाही. शिवाय तिच्यासाठी गॅप रुंद करावा लागतो, म्हणजे बीएल जातो. सबवूफरला पोलच्या बुडाशी जाड, भरीव रिंग लागते, कारण तिथे जागा असते आणि गॅपला धक्का लागत नाही. जाहिरातीत नुसते ‘कॉपर शॉर्टिंग’ लिहिले असेल तर जाडी आणि जागा विचारा.

रबाळे किंवा वागळे इस्टेटमध्ये लेथवर रिंग कातून घेण्याचा विचार असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. कातकामवाल्याकडे सहसा ६०६१ सारखे मिश्रधातू पडलेले असते. त्याची वाहकता तांब्याच्या सुमारे ४३ टक्के. १०५० दर्जाचे जवळपास शुद्ध अ‍ॅल्युमिनियम सुमारे ६० टक्क्यांवर जाते, तेच मागा. आणि रिंग अखंड हवी. बसवायला सोपे जावे म्हणून तिला चीर दिली तर करंट फिरणारच नाही आणि रिंग निरुपयोगी होईल. मात्र हे सगळे मॅग्नेट भारित करण्याआधीचे काम आहे. तयार, भारित मोटर घरी उघडायला जाऊ नका. प्लेट सुटताना फेराइट तडकतो, बोटे चेपतात आणि गॅप पुन्हा एकमध्य होत नाही.

बीएलचा वक्र घरी मोजता येतो. ३० व्होल्ट ५ अँपिअरचा करंट-लिमिट असलेला बेंच सप्लाय, व्हर्नियर किंवा डायल गेज आणि नेमके १ किलोचे वजन एवढे पुरते. लॅमिंग्टन रोडला असे सप्लाय सहज मिळतात. ड्रायव्हर पेटीबाहेर काढून कोन वर करून ठेवा. डस्ट कॅपभोवती (कोनच्या मधल्या टोपीभोवती) पीव्हीसीची रिंग ठेवली की वजन कॉइलच्या फॉर्मरवर (ती गुंडाळलेल्या नळीवर) सारखे बसते. रिंगचेही वजन आधीच तोलून त्या १ किलोतच धरा. आता वजनाशिवाय करंट देऊन कॉइल हव्या त्या स्थानावर आणा, समजा ६ मिमी बाहेर, आणि करंट टिपा. मग वजन ठेवा. कोन खाली बसेल; करंट वाढवून पुन्हा अचूक त्याच ६ मिमीवर आणा. दोन्ही वेळा स्थान एकच असल्याने स्प्रिंगचे बल रद्द होते, आणि त्या स्थानाचा बीएल म्हणजे ९.८१ न्यूटन भागिले करंटमधला फरक. फरक ०.७५ अँपिअर असेल तर बीएल सुमारे १३. आतल्या बाजूसाठी करंटची दिशा उलटवा. वजाबाकी करताना चिन्हे सांभाळली की झाले. दर २ मिमीला एक वाचन घ्या, दोन्ही दिशांना. टोकाला ४ अँपिअरपर्यंत करंट लागू शकतो, म्हणून दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त वेळ देऊ नका. स्पायडर (कॉइलला मध्यात धरणारी कापडी चकती) ताणाखाली हळूहळू ढिला पडत राहतो, त्यामुळे प्रत्येक वाचनाला सारखाच वेळ थांबा आणि तीन फेऱ्यांची सरासरी घ्या. कॉइल तापली तरी बिघडत नाही, कारण आपण व्होल्टेज नव्हे, करंट वाचतो.

वक्राचा माथा शून्यावर नसेल आणि ड्रायव्हर कधी रिकोन झालेला (कोन-कॉइल नव्याने बसवलेला) असेल, तर मोटर निर्दोष असून फॉर्मर चुकीच्या उंचीवर चिकटवलेला असण्याची शक्यता मोठी. ३४ आणि १० च्या जोडीत वरच्या प्लेटच्या वर बरोबर १२ मिमी कॉइल दिसायला हवी. रिकोन करून घेताना डस्ट कॅप चिकटवण्याआधी हे व्हर्नियरने मोजून दाखवायला सांगा. नंतर काही करता येत नाही.

कोन खाली तोंड करून बसवणार असाल तर लटकण्याचा हिशेब करा. मिलिमीटरमध्ये लटकणे म्हणजे २४८ भागिले रेझोनन्सचा वर्ग. २५ हर्ट्झला ०.४ मिमी, १८ हर्ट्झला ०.७७ मिमी. एक्समॅक्सच्या ५ टक्क्यांच्या आत असेल तर चालते. आपल्याकडे खाडीकाठच्या पावसाळ्यात कापडी स्पायडर दमट होऊन मऊ पडतो, रेझोनन्स उतरतो आणि हे लटकणे वाढते, म्हणून हिशेबात थोडी जागा सोडा. त्याच हवेत मोटरच्या प्लेटा गंजतात. गॅपच्या कडेला गंजाचा पापुद्रा सुटला की कॉइल खरवडते आणि तो आवाज डिस्टॉर्शनसारखाच वाटतो. प्लेटिंग किंवा रंग अखंड आहे का ते घेतानाच पाहा.

सीलबंद पेटीत सस्पेन्शनचे दोष बरेच झाकले जातात. ड्रायव्हरचा व्हीएएस (सस्पेन्शनइतकाच ताठरपणा देणाऱ्या हवेचे आकारमान) ६० लिटर आणि पेटी ४० लिटरची असेल तर एकूण ताठरपणाचा ६० टक्के हिस्सा हवेचा, आणि हवा इथे जवळपास पूर्ण लिनिअर असते. १२ मिमी स्ट्रोकला १२ इंची कोन अर्धा लिटरच्या थोडे वर हवा हलवतो, पेटीच्या दीड टक्का. म्हणजे तुमच्या पेटीत जे डिस्टॉर्शन उरेल ते मुख्यतः बीएल आणि इंडक्टन्सचे. मोटरवरच लक्ष द्यायचे ते म्हणून.

आता स्ट्रोक किती लागतो ते पाहू. १२ इंची कोन, ३० हर्ट्झ, १२ मिमी एकेरी स्ट्रोक: जमिनीवर ठेवलेल्या पेटीपासून १ मीटरवर सुमारे १०३ डेसिबल. फ्लॅटमध्ये ९५ डेसिबलही शेजाऱ्यांच्या सहनशीलतेपलीकडे जाते, आणि त्याला ३० हर्ट्झवर ५ मिमीही लागत नाहीत. २० हर्ट्झला तेच ९५ हवे असतील तर स्ट्रोक सव्वादोन पट, सुमारे ११ मिमी; पण बंद खोली खालच्या टोकाला स्वतःच मदत करते. म्हणजे तुमच्या हॉलमध्ये पहिल्या ड्रायव्हरचे जास्तीचे ३ मिमी फार क्वचित वापरात येतील, आणि त्याचा ३.८ मिलिहेन्री मात्र प्रत्येक गाण्यात जाणवेल. ८० हर्ट्झला तो एकटा १.९ ओहम अडवतो, आणि हा अडथळा कोनच्या स्थानानुसार बदलत राहतो. दुसऱ्याचा ०.७ ओहम.

बजेट आणि जागा दोन्ही असतील तर एका महागड्या ड्रायव्हरपेक्षा दुसऱ्या पर्यायाचे दोन नग घ्या, प्रत्येकी ४० लिटर. तेवढ्याच आवाजाला प्रत्येकाचा स्ट्रोक निम्मा होतो. दुसरा हार्मोनिक मूळ स्वराच्या तुलनेत ६ डेसिबलने आणि तिसरा १२ डेसिबलने उतरतो, कारण ही टक्केवारी अनुक्रमे स्ट्रोकच्या आणि स्ट्रोकच्या वर्गाच्या प्रमाणात चालते. दोन्ही एकाच ८० लिटरच्या पेटीत बसवत असाल तर एक उलटा बसवा, मॅग्नेट बाहेर, आणि त्याच्या तारा अदलाबदल करा. एकाची कॉइल आत जाते तेव्हा दुसऱ्याची बाहेर, त्यामुळे उरलेली असममितीही बऱ्याच अंशी परस्पर रद्द होते. बाहेर आलेल्या मॅग्नेटवर जाळी लावा.

बसवून झाल्यावर माइक कोनपासून २५–३० सेंमीवर ठेवून ३० हर्ट्झचा स्वर ३-३ डेसिबलने वाढवत हार्मोनिक पाहा. अगदी चिकटवून ठेवलात तर दाब माइकच्याच मर्यादेबाहेर जातो आणि त्याचे डिस्टॉर्शन ड्रायव्हरच्या नावावर पडते. दर ३ डेसिबलला तिसरा हार्मोनिक मूळ स्वराच्या तुलनेत ६ ने वाढत गेला तर ते मर्यादेतले नेहमीचे वागणे आहे. त्याहून वेगाने उसळी मारली तिथे कॉइल वक्राच्या उतारावर पोहोचली किंवा सस्पेन्शन ताणले गेले. त्या पातळीच्या ३ डेसिबल खाली अ‍ॅम्प्लिफायरचा लिमिटर लावून टाका.